सेल्दा बाजानचा १९७६ चा अल्बम: भाषा येत नसताना असं राजकीय संगीत ऐकणं कितपत खरं?

धुनवेडी

सेल्दा बाजानपर्यंत मी उलट्या वाटेने पोचले. आधी कानावर पडलं अमेरिकन रॅपर मॉस डेफचं 'सुपरमॅजिक', २००९ च्या 'द एक्स्टॅटिक' अल्बममधलं. त्यात वाजणारा तो करकरीत तंतुवाद्याचा तुकडा डोक्यातून जाईना. शोधत गेले तर तो निघाला एका तुर्की गायिकेच्या गाण्यातला: 'इंजे इंजे बिर कार याआर'. गायिका सेल्दा बाजान, अल्बमचं नावही 'सेल्दा', साल १९७६.

तेव्हापासून हा अल्बम माझ्याकडे सतत चालू आहे. विद्युत साझ (लांब दांडीचं तुर्की तंतुवाद्य), फझ लावलेली, म्हणजे मुद्दाम फाटका आवाज काढणारी गिटार, मधूनच घरघरत वर चढणारा सिंथ (सिंथेसायझर), जडशीळ ड्रम्स. आणि या सगळ्या कल्लोळाला न जुमानणारा तिचा आवाज. हा आवाज गोड नाही, तो गोड व्हायचा प्रयत्नही करत नाही. लांब सूर धरते तेव्हा शेवटाकडे त्यात एक कंप येतो आणि अंगावर काटा उभा राहतो.

मग तिच्याबद्दल वाचलं. १९४८ चा जन्म, शिक्षण अंकारा विद्यापीठात भौतिकशास्त्र अभियांत्रिकीचं, आणि १९८० च्या लष्करी उठावानंतर गाण्यांपायी तीनदा तुरुंगवास. इथे माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. जे शब्द गायल्याबद्दल तिला कोठडीत टाकलं, त्यातला एकही शब्द मला कळत नाही. मी त्यावर मान डोलावतेय.

माझं मत स्पष्ट आहे: नुसता आवाज ऐकून हा अल्बम अर्धाच ऐकल्यासारखा होतो. पण अर्धा तरी होतो का? तुमचं काय म्हणणं? असं संगीत तुम्ही कसं ऐकता?

पारवा

+१. ड्रम्सबद्दल तर बोलायलाच नको. वाचनखूण साठवली.

तरफ

धुनवेडी, तुमच्या 'अर्ध्या'शी मी सहमत नाही. मी सतार वाजवतो, त्यामुळे माझे कान आधी साझकडे गेले.

साझ म्हणजे तुर्कीत बालामा. त्याचे पडदे दांडीला दोऱ्याने बांधलेले असतात, हल्ली तो दोरा नायलॉनचा असतो. म्हणजे ते सरकवता येतात, सतारीसारखेच. तिथल्या लोकसंगीतात एक सूर फार येतो, आपल्या हिशेबाने कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मध्ये कुठेतरी बसणारा. गिटारच्या ठोकून बसवलेल्या पट्ट्यांवर तो सूर नाही. पियानोवर तर नाहीच नाही. साझवर मात्र त्याच्यासाठी वेगळा पडदा बांधलेला असतो.

आता या साझला पिकअप लावा आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. तो मधला सूर तसाच राहतो, फक्त गिटारइतका मोठा होतो. शेजारी गिटार, बास आणि सिंथ पाश्चात्य सप्तकात वाजतायत आणि साझ आपल्या जागेवरून हलत नाही. ही जी घासाघीस होते ना, ती हेडफोन लावून ऐका. एका सुराभोवती हवा थरथरते. अल्बम ऐकताना जी भोवळ आल्यासारखी वाटते ती निव्वळ इफेक्टच्या पेटीतून आलेली नाही, बराचसा भाग या न जुळणाऱ्या सुरांचा आहे.

माझ्या मते राजकारण तिथेही आहे. गावाकडचं वाद्य शहरातल्या वाद्यांच्या बरोबरीने आवाज करतंय आणि जुळवून घेत नाहीये. हे कळायला तुर्की लागत नाही.

नीलमोहर

तरफ, असा प्रतिसाद वाचला की गाणं पुन्हा लावावंच लागतं. आता तो सूर ऐकू येतोय! शेजारच्या खोलीतून विचारणा झाली की बाजा बिघडलाय का.

तरफ

नीलमोहर, सांगा त्यांना, बाजा उत्तम आहे, पडदा जिथे हवा तिथेच आहे.

मुळाक्षर

तरफ यांचा प्रतिसाद आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. वाद्याची घासाघीस कुठल्याही प्रेमगीतात ऐकू येईल. ज्या गाण्यांपायी माणसं तुरुंगात जातात, त्यांचे शब्द बाजूला ठेवता येत नाहीत.

धुनवेडी यांनी लिहिलेलं 'इंजे इंजे' घ्या. ते मुळात लोककवी-गायक आशिक माहझुनी शेरीफ यांचं. गाण्यात बारीक बारीक बर्फ पडतंय, आणि पडतंय ते गरिबांवर. आम्ही उपाशी मरतोय असं गावातल्या जमीनदाराला, आगाला, विनवणं आहे. कुणी आमदार-खासदार, कुणी गव्हर्नर होतो, मग शिक्षण आम्हालाच का वर्ज्य, हा थेट सवाल आहे. पूर्व आनातोलियातला, म्हणजे तुर्कस्तानच्या पूर्व भागातला हिवाळा म्हणजे महिनोन्महिने वाटा बंद. तिथे बर्फावर गाणं रचणारा कवी निसर्गवर्णन करत नसतो.

'नेम काल्दी' सुद्धा माहझुनींचंच. सगळी दुनिया तुकडे पाडून वाटून घेतली, एका उभ्या दगडावाचून माझं काय उरलं, अशी त्याची सुरुवात. हे कळल्यानंतर ते गाणं आधीसारखं ऐकताच येत नाही. मी तरी ऐकू शकत नाही.

आणि 'याझ गाझेतेजी याझ', म्हणजे लिही पत्रकारा, लिही. खेड्यातल्या हालांबद्दल लिहायला सांगणारं गाणं. त्याच्यातला ठेका इतका झिंगवणारा आहे की भाषा न येणारा माणूस नाचायला उठेल. नाचा की, कोण नको म्हणतंय. पण ती कुणाला काय लिहायला सांगतेय हे माहीत असू द्या.

कोराकागद

थोडा काळाचा संदर्भ देतो, म्हणजे १९७६ हे साल का महत्त्वाचं ते कळेल.

मार्च १९७१ मध्ये लष्कराने लेखी इशारा देऊन सरकार पाडलं. मे १९७२ मध्ये डेनिझ गेझमिश, युसुफ आस्लान आणि हुसेयिन इनान या तीन डाव्या विद्यार्थी-कार्यकर्त्यांना फाशी दिली. गेझमिश पंचवीस वर्षांचा होता. सेल्दाच्या पहिल्या रेकॉर्ड १९७१ च्या, म्हणजे तिची कारकीर्द याच काळात उभी राहिली आणि तिचे श्रोते बरेचसे याच वयाचे होते. अल्बम आला १९७६ मध्ये. पुढच्याच वर्षी १ मे १९७७ ला इस्तंबूलच्या ताक्सिम चौकात कामगार दिनाच्या सभेवर गोळीबार झाला, चेंगराचेंगरी झाली, तीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर रस्त्यावर रोज डावे-उजवे खून. आणि १२ सप्टेंबर १९८० ला केनान एव्रेन यांच्या नेतृत्वाखाली लष्कर पुन्हा आलं, यावेळी पक्कं बसायला.

१९८१ ते १९८४ या काळात सेल्दा तीनदा आत गेली. पासपोर्ट काढून घेतला. १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या वोमॅड महोत्सवाचं बोलावणं आलं तेव्हा तिला देशाबाहेर जाता आलं नाही. पासपोर्ट परत मिळाला १९८७ मध्ये.

ती एकटी नव्हती. रॉक गायक जेम काराजा तेव्हा पश्चिम जर्मनीत होता, परत यायला नकार दिला म्हणून १९८३ मध्ये त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. तो १९८७ मध्ये परतला.

म्हणून हा अल्बम मला दोन बंदुकांच्या मधल्या फटीत ध्वनिमुद्रित झालेला वाटतो. पाच वर्षं आधी किंवा पाच वर्षं नंतर तो याच रूपात निघाला असता असं वाटत नाही.

पारवा

हे माहीतच नव्हतं. धन्यवाद कोराकागद.

तिरपासूर

सगळेच कौतुक करतायत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मला अल्बम आवडतो, गैरसमज नको. पण तीन गोष्टी खटकतात.

पहिली: 'सायकेडेलिक', म्हणजे नशेच्या तंद्रीतलं संगीत, हे लेबल. २००६ मध्ये फाइंडर्स कीपर्स या ब्रिटिश कंपनीने हा अल्बम पुन्हा काढला आणि तेव्हापासून तो जगभरच्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांचा लाडका झाला. त्यांच्या कानाला फझ आणि सिंथ ऐकू आला, त्यांनी त्यांच्याकडची चिठ्ठी चिकटवली. तुर्कस्तानात या प्रकाराला आनादोलू (म्हणजे आनातोलियन) पॉप, आनादोलू रॉक म्हणतात, आणि त्याची वाट वेगळी आहे. १९६५ पासून ह्युर्रियेत या वर्तमानपत्राने 'आल्तिन मिक्रोफोन' नावाची स्पर्धा भरवली. अट अशी की गाणं तुर्की हवं आणि वाद्यं पाश्चात्य. शहरातली बीटल्सवेडी पोरं त्यामुळे लोकगीतांकडे वळली. १९६७ मध्ये जेम काराजा आणि त्याचा बँड आपाश्लार दुसरे आले ते 'एम्राह' या गाण्यावर, एका आशिकाच्या जुन्या कवितेवर. म्हणजे हा मेळ कुणाच्या नशेच्या तंद्रीत झालेला नाही, वर्तमानपत्राच्या स्पर्धेत झाला.

दुसरी: तिला गीतकार-गायिका म्हणायचं कशाच्या जोरावर? अल्बममधली ठळक गाणी माहझुनींची आणि परंपरेतली. तिच्या पहिल्या रेकॉर्डवरचं एक गाणंही पीर सुलतान अब्दालच्या नावावरचं, म्हणजे सोळाव्या शतकातलं.

तिसरी, आणि ही धुनवेडींच्या प्रश्नाला धरून आहे: हा फझ आणि सिंथ त्या शब्दांची धार वाढवतो की कमी करतो? माहझुनींना एकट्या साझवर ऐका. अंगात शिरतं. त्यापुढे 'सेल्दा' मला कधीकधी फार सजवलेला वाटतो.

मुळाक्षर

तिरपासूर, दुसऱ्या मुद्द्यावर माझा सपशेल विरोध.

आशिक परंपरेत गाणं कुणाचं हे असं मोजत नाहीत. आशिक म्हणजे गावोगाव साझ घेऊन फिरणारा कवी-गायक, तो शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. आपल्याकडे 'तुका म्हणे' येतं, अगदी तसंच. आणि आपण हेही जाणतो की एखाद्याच्या नावाचे अभंग नंतर शेकडो जणांनी गायले, चाली बदलल्या, आणि ते गाणाऱ्याचेही झाले. पीर सुलतान अब्दालला ऑटोमन सत्तेविरुद्ध उभं राहिल्याबद्दल सिवासमध्ये फाशी दिलं असं सांगतात. त्याच्या नावाने नंतरच्या पिढ्यांनी रचना केल्या, कारण त्या नावाखाली बोलणं हीच एक भूमिका होती. अशा परंपरेतलं गाणं १९७६ मध्ये निवडणं, त्याला असं ध्वनिरूप देणं, आणि ते एका शहरी, शिकलेल्या बाईने लोकांपुढे उभं राहून गाणं, यात काही नवं रचलेलं नाही असं म्हणता येईल का? शिवाय तिने स्वतः केलेल्या चालीही आहेतच.

माहझुनी स्वतः काय भोगत होते तेही लक्षात घ्या. मराश भागातल्या बेर्चेनेक गावचे, अलेवी या धार्मिक अल्पसंख्य समाजातले. गाण्यांपायी त्यांच्यावरही खटले, अटका. त्यांचं गाणं सेल्दाने घेतलं तेव्हा ते संग्रहालयातलं लोकगीत नव्हतं, जिवंत माणसाचं चालू भांडण होतं.

तरफ

तिरपासूर यांचा पहिला मुद्दा मान्य. लेबल बाहेरून आलं. तरी फझ त्या वेळी तिथेच, त्यांनीच लावला होता. तुर्की रॉक संगीतकार एर्किन कोरायने विद्युत साझ कित्येक वर्षं आधी वापरला होता. म्हणजे ब्रिटिश संग्राहकांनी शोधलं ते ध्वनीला दिलेलं नाव, ध्वनी नव्हे.

राइनकाठ

मी जर्मनीत कोलोनमध्ये राहतो, म्हणून राहवलं नाही. या अल्बमची कंपनी 'तुर्क्युओला', आणि ती इथलीच, कोलोनची. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार भरतीचा करार केला, लाखो माणसं इथल्या कारखान्यांत आली. त्यांना आपली गाणी हवी होती आणि जर्मन दुकानांत ती मिळत नव्हती. त्या मागणीवर ही कंपनी उभी राहिली. आधी रेकॉर्ड आणि मग प्रचंड प्रमाणात कॅसेट, बहुतेक विक्री किराणा-भाजीच्या तुर्की दुकानांतून.

म्हणजे धुनवेडींच्या प्रश्नाला आणखी एक टोक आहे. या गाण्यांचे पहिले श्रोते फक्त अंकारा-इस्तंबूलचे विद्यार्थी नव्हते. रात्रपाळी करून खोलीवर येणारा, सिवास किंवा मराशच्या खेड्यातून आलेला माणूसही होता. गरिबांवर बर्फ पडतं हे ज्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

माझ्याबरोबर काम करणारे एक गृहस्थ तिकडचेच, आता निवृत्तीला आलेले. त्यांच्याकडे या कॅसेट अजून आहेत. 'मेहमेत एम्मी' लावलं की ते बोलणं थांबवतात आणि गाणं संपेपर्यंत हातातलं कामही थांबवतात. त्यांना 'सायकेडेलिक' शब्द सांगितला तर त्यांनी पाहिलंच माझ्याकडे. त्यांच्या लेखी ही तुर्क्यु, म्हणजे लोकगाणी, आणि सेल्दा ती गाणारी बाई. बस.

नीलमोहर

कॅसेटवरून आठवलं, त्यांच्याकडची मुखपृष्ठं फोटो काढून टाकता येतील का?

राइनकाठ

विचारतो त्यांना. जपून ठेवल्यात, हात लावू देतात की नाही बघू.

कोराकागद

तिरपासूर यांच्या तिसऱ्या मुद्द्यावर, सजावट धार कमी करते का यावर, थोडं मागे जाऊन बोलतो. विषयांतर वाटेल पण शेवटी इथेच येतो.

प्रजासत्ताक झाल्यावर तिथल्या राज्यकर्त्यांना ऑटोमन दरबारी संगीत जुनाट वाटत होतं. १९३४ ते १९३६ या काळात ते रेडिओवर चक्क बंद होतं. लोकगीतं मात्र 'खऱ्या राष्ट्राची' म्हणून हवी होती. १९३६ मध्ये हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकला बोलावलं, त्याने अदाना भागात हिंडून गाणी गोळा केली. त्यानंतर अंकारा कॉन्झर्व्हेटरीच्या मोहिमा निघाल्या, हजारो गाणी नोंदली गेली. चाळीसच्या दशकात मुझाफ्फेर सारिसोझेन यांनी अंकारा रेडिओवर 'युर्त्तान सेस्लेर' हा वृंद उभा केला. काम अफाट आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण झालं काय, की गावातल्या एका माणसाचं गाणं वीस जणांनी एका सुरात, एका ठेक्यात, स्वच्छ उच्चारात म्हणायचं. बोलीभाषा घासून पुसून काढायची. नको ते कडवं गाळायचं. कुर्दी गाण्यांवर तुर्की शब्द चढवले गेले, अलेवी भक्तिगीतांतली नावं बदलली गेली.

म्हणजे तिरपासूर, शुद्ध लोकगीत एकीकडे आणि सजवलेली सेल्दा दुसरीकडे, असा सामना नव्हताच. सरकारी रेडिओवर लोकगीत आधीच सजवलेलं होतं, फक्त सजावट मवाळ होती. सेल्दाने ते वृंदातून काढून पुन्हा एका गळ्यात दिलं. गाळलेली तक्रार परत आणली. आणि त्या तक्रारीला कारखान्याच्या, रस्त्याच्या काळाचा आवाज दिला. टीआरटी या सरकारी दूरचित्रवाणीने तिला वर्षानुवर्षं लांब ठेवलं यात नवल काय!

तिरपासूर

कोराकागद, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. वृंदाचा मुद्दा मी या बाजूने बघितला नव्हता. तरी एकटा साझ आणि एकटा माहझुनी मला जास्त भिडतो, ते माझं मत कायम. सेल्दाने अल्बममध्ये एखादं गाणं तसं उघडं ठेवायला हवं होतं.

मुळाक्षर

तिच्या नंतरच्या ध्वनिमुद्रणांत तशी उघडी गाणी सापडतील, तिरपासूर. आवाज आणि साझ, बाकी फारसं काही नाही. ते ऐकून पुन्हा १९७६ कडे या.

आणि विषय निघालाच आहे तर १९९३. जानेवारीत पत्रकार उगुर मुमजू यांचा गाडीतल्या बॉम्बने खून झाला. सेल्दाचं 'उगुर्लार ओल्सून' त्यांच्यासाठीचं. सत्तरच्या दशकात पत्रकाराला लिही म्हणणारी बाई वीस वर्षांनी एका पत्रकाराला गाण्यातून निरोप देते. त्याच वर्षी २ जुलैला सिवासमध्ये पीर सुलतान अब्दाल महोत्सवाला आलेल्या कलावंतांचं मादिमाक हॉटेल जमावाने पेटवलं. महोत्सवाला आलेले ३३ जण आणि हॉटेलचे दोन कर्मचारी गेले. त्यात हास्रेत गुल्तेकिन, मुहलिस आकारसू, नेसिमी चिमेन हे साझ वाजवणारे होते. गुल्तेकिन बावीस वर्षांचा होता.

हा देश असा आहे जिथे साझ हातात घेण्याची किंमत मोजावी लागली आहे. म्हणून मला ही गाणी निव्वळ 'ध्वनी' म्हणून ऐकायला अवघड जातात. कुणी तशी ऐकली तर मी अडवणार नाही, पण माझा जीव त्यात अडकतो.

पारवा

मुळाक्षर, हे वाचून काही सुचत नाहीये.

धुनवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा काढताना इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

मला एक गोष्ट विचारायची राहिली. मॉस डेफनंतर डॉ. ड्रेनेही २०१५ च्या 'कॉम्प्टन' अल्बममध्ये 'इश्यूज' या गाण्यात 'इंजे इंजे' वापरलं. म्हणजे भुकेचं गाणं अमेरिकेतल्या हिपहॉपमध्ये दोनदा गेलं, आणि दोन्हीकडे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यात बर्फ आणि उपासमार आहे याचा पत्ता नाही. हे तुम्हाला कसं वाटतं? मला यात तोटा दिसतो.

तरफ

मला नाही दिसत. 'द एक्स्टॅटिक' उघडतो अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांच्या भाषणाच्या तुकड्याने आणि लगेच सेल्दाचा साझ येतो. माल्कम एक्सच्या शेजारी कुणाचं वाद्य ठेवायचं हे त्या माणसाने विचार करून ठरवलेलं दिसतं. शब्द कळले नसतील, पण कुठल्या जातकुळीचं गाणं आहे ते बरोबर ओळखलं.

मुळाक्षर

तरफ, मॉस डेफबद्दल मान्य. तिथे निवड आहे. सगळीकडेच ती असते असं नाही. आणि ज्या देशात तिला टीव्हीवर येऊ दिलं नाही तिथलं तिचं नाव बाहेरच्यांना रेकॉर्डच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांत शोधावं लागावं, हे मला टोचतंच.

नीलमोहर

धुनवेडी, पण बघा ना, तुम्ही त्याच तुकड्यावरून इथपर्यंत आलात आणि तुमच्यामुळे आम्ही आलो. तोटा कसा म्हणायचा? मी परवापर्यंत साझ नाव ऐकलं नव्हतं. आता पीर सुलतान अब्दाल कोण ते घरच्यांना सांगतेय.

राइनकाठ

मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या गृहस्थांना मी तो जसाच्या तसा विचारला, भाषा न येणाऱ्याने हे ऐकावं का. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. त्यांचं म्हणणं, त्यांच्या कारखान्यात इटालियन, युगोस्लाव, ग्रीक सगळे होते, जेवणाच्या सुट्टीत कॅसेट सगळ्यांच्याच लागायच्या, आणि ज्याला अर्थ हवा असेल तो शेजारच्याला विचारायचा. विचारलं की सांगायचे.

मला हे फार पटलं. ऐकणं आधी होतं, मग विचारणं. विचारलंच नाही तर मात्र धुनवेडी म्हणतात तसं अर्धंच राहिलं.

आणि नीलमोहर, मुखपृष्ठांचे फोटो मिळतील. कॅसेट घराबाहेर जाणार नाहीत, मीच त्यांच्याकडे जाऊन काढायचे, असं ठरलंय.

धुनवेडी

राइनकाठ, त्यांना माझा नमस्कार सांगा.

मग मी शेजारच्यांना विचारते. तुमच्यापैकी ज्यांना तुर्की येतं त्यांनी एकेक गाणं घेऊन ओळीओळीचा अर्थ मराठीत दिला तर? गाणी पूर्ण छापायची नाहीत, फक्त कुठल्या कडव्यात काय चाललंय तेवढं. सुरुवात 'नेम काल्दी'ने करू या. त्या उभ्या दगडाने मला झोप येऊ दिलेली नाही.

तिरपासूर

उत्तम. त्याच्या आधी प्रत्येकाने माहझुनींचं मूळ एकदा ऐकावं अशी माझी विनंती. शिवाय आशिक वेयसेल ऐका. देवीच्या साथीत लहानपणी दृष्टी गेली, सिवासच्या एका खेड्यात आयुष्य काढलं, १९७३ मध्ये गेले. एक गळा आणि एक साझ म्हणजे काय ते तिथे कळेल. मग नेशेत एर्ताश. मग सेल्दा.

तरफ

नेशेत एर्ताशला माझाही दुजोरा. साझवरचा उजवा हात बघण्यासारखा.

मुळाक्षर

'नेम काल्दी' माझ्याकडे. नवा धागा रविवारी काढतो. राइनकाठ, दोन कडव्यांत मराशकडची बोली आहे, शब्दकोशात काही शब्द सापडत नाहीयेत. व्यक्तिगत निरोप पाठवतो, तुमच्या गृहस्थांना विचाराल का?

राइनकाठ

पाठवा. शनिवारी फोटो काढायला जाणारच आहे, तेव्हा विचारून घेतो.